फिरोजी गाडी कुणाची

१

बी मोहरीपेक्षाही लहान होतं. त्याला तीन कडा होत्या. एक बाजू जळून कोळसा झालेली, दुसरी अजून तपकिरी. भिंगाखाली सालीवर बारीक जाळी दिसत होती. चिमट्याने उचलताना जळकी बाजू भुरभुरली आणि तपकिरी तेवढी हातात आली.

मला ते गाडीच्या पुढच्या भागाखाली सापडलं, हवा आत घेणाऱ्या जाळीच्या कडेला अडकलेलं. असल्या बिया हिवाळ्याच्या शेवटी आमच्या कोकंद शहरात कुठेही सापडतात, टोपीत, कोटाच्या खिशात, बसच्या सीटवर. मी ते फेकूनच देणार होते. पण कारखान्याच्या रंगाच्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं काढल्यावर रंगावर बसलेला कुठलाही कण फेकवत नाही. मी कागदाची पुडी केली आणि बी आत ठेवलं.

त्या सकाळी बॅटरीवाल्या दोस्तोनचा फोन आला होता. मला तो ओपा म्हणतो, म्हणजे ताई. "मुकर्रम-ओपा, ती मेली," एवढंच तो म्हणाला. त्याची आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती, म्हणून मी म्हटलं, "अल्लाह तिला जन्नत देवो. कधी?"

"आजी नाही हो! आजी बसलीय नान खात. गाडी! गाडी मेली!"

गाडी म्हणजे आमची फिरोजी गाडी. आमचा कारखाना स्थापनेपासून परदेशी कंपनीच्या आराखड्यांवर गाड्या जोडत आलेला. नाव आमचं, हात आमचे, पण कागदावरची एकही रेघ आमची नाही. ही पहिलीच गाडी अशी होती जिची प्रत्येक रेघ इथे, याच आवारात काढली गेली. विजेवर चालणारी, लहान, चौकोनी, कुटुंबाची गाडी. आमच्या देशात दहापैकी नऊजण पांढरी गाडी घेतात, पण हिला मी हट्टाने रिश्तान गावच्या मातीच्या ताटांसारखा फिरोजी रंग दिला होता.

दुपारी ताश्कंदहून कारखान्याचं वरिष्ठ मंडळ येणार होतं. त्यांच्यासमोर आमचे संचालक तुलागन-आका ही गाडी स्वतः चालवत हॉलमधून अंगणात आणणार होते आणि मग त्यांनी निर्णय सांगायचा, मंडळाने त्यावर शिक्का मारायचा. एक तर परदेशी कंपनीशी आणखी दहा वर्षांचा करार, नाही तर आमची स्वतःची गाडी. दोन्हींना पुरेल एवढी जागा कारखान्यात नव्हती. हा निर्णय तुलागन-आका कितीतरी काळ टाळत आले होते. कुणी विचारलं की ते चहाचा घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "बघू."

आणि आता गाडी मेलेली.

लिथियमची बॅटरी पेट घेण्याआधी विषारी वायू सोडू लागते. म्हणून दोस्तोनने बॅटरीच्या पेटीत एक संवेदक बसवला होता. आम्ही त्याला नाक म्हणायचो. नाकाला तो वायू लागला की एक छोटी सुरी फटकन सुटते आणि मुख्य तार कापते. त्यानंतर गाडी हलत नाही. रात्रीतून नाकाने काहीतरी हुंगलं होतं आणि सुरी सुटली होती. नवी सुरी बसवणं अवघड नव्हतं. पण नाकाने काय हुंगलं ते कळल्याशिवाय त्या गाडीत कुणी बसलं नसतं, आणि बसूही नये.

तुलागन-आकांनी मला बोलावून घेतलं. रुंद चेहऱ्याचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. तरुणपणी याच कारखान्यात फिटर म्हणून लागलेला. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं आणि त्यावर सुके जर्दाळू आणि अक्रोड ढीग करून ठेवले होते.

"घे," ते म्हणाले. स्वतः मात्र त्यांनी एकही उचलला नाही. "मुकर्रमखॉन, तू रंगवाली. तुझा ना या बाजूशी संबंध, ना त्या. बॅटरी खराब आहे का कुणी खराबी केली, एवढं मंडळ यायच्या आत मला सांग."

"आणि बॅटरीच खराब निघाली तर?"

"तर करारावर सही. मुलांना फुटणाऱ्या गाडीत बसवणार नाही मी."

"आणि नाही निघाली तर?"

त्यांनी चहाचा पियाला उचलला.

"बघू," ते म्हणाले.

२

दोस्तोन हॉलमध्ये गाडीच्या दाराला पाठ लावून जमिनीवर बसला होता. बॅटरीची पेटी त्याच्याच डोक्यातून निघालेली. तिशी ओलांडलेला मुलगा, पण आज दोन दिवस झोपला नसल्यासारखा दिसत होता.

"ऊठ, उका," मी धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हटलं. "फरशी थंड आहे."

"फरशीपेक्षा मी थंड पडलोय, ओपा. सगळे सेल तपासले. ताप नाही, फुगवटा नाही, गळती नाही. एकदम ठणठणीत. काही झालंच नसेल तर नाकाने हुंगलं काय?"

"तुझं नाक जास्त तिखट असेल."

"तिखटच ठेवलंय! पेटल्यावर कळून काय उपयोग?" मग त्याचा आवाज उतरला. "माझी पेटी चांगली आहे असं मी छातीठोकपणे सांगेन. पण ते मी सांगणारच, नाही का? बापाला विचारा पोरगं कसं आहे."

आज करार झाला तर दोस्तोनचा गट मोडणार होता. त्याला जर्मनीत काम मिळत होतं आणि त्याच्या मागोमाग जाणारे आणखी होते. घरातल्या आजीला त्याने अजून सांगितलं नव्हतं. विचारल्यावर तो म्हणायचा, "गाडी चालली तर सांगायची वेळच येणार नाही."

"रात्री ती चार्जिंगला होती?"

"हो. आणि चार्जिंग चालू असलं की पेटी थंड ठेवायला पंखा फिरतो. पुढून, खालून हवा ओढतो."

म्हणजे तिच्या पुढच्या जाळीपाशी जे काही असेल ते ती आत ओढून घेणार.

"इथे येऊ कोण शकतं?"

"चार कार्डांनी दार उघडतं, पण कोण कधी आलं याची नोंद राहत नाही. एक माझं. एक विक्रीवाल्या हमदम-आकांचं, गिऱ्हाइकांना गाडी दाखवायची म्हणून घेतलेलं, पण दाखवायला एकदाही आणलं नाही कुणाला. एक परदेशी कंपनीच्या यूनचं. आणि एक तुलागन-आकांचं, ते तर पाकिटात तसंच पडून असणार. गाडीचा सांगाडा उभा राहिल्यापासून आका इथे फिरकलेले नाहीत. म्हणतात, पुरी झाली की बघू." तो तोंड वाकडं करून हसला. "मला विचाराल तर हमदम-आका. ही गाडी गेली तर त्यांना ईद."

मी गाडीच्या पुढे गुडघ्यांवर बसले. ते बी मला तिथेच मिळालं. हॉलच्या फरशीला राखाडी रंग आहे. तो माझ्याच प्रयोगशाळेने दिलेला, म्हणून मला त्याची सवय माहीत होती. गाडीच्या पुढच्या टोकापासून हातभर अंतरावर रंग तापून फुगून वर आला होता. ठिपका गोल होता आणि त्यात पाच पाकळ्या होत्या, फूल काढावं तशा नीटस.

गरम किटली ठेवून असं होत नाही. आम्ही तेही करून पाहिलं होतं, कामगार चहा कुठेही ठेवतात म्हणून. इतका रंग फुगायला निखारे लागतात.

मी कडेकडेने फिरले. गाडीभोवती, पुढून मागे आणि मागून पुन्हा पुढे, राखेचे कण पडलेले होते. इतके बारीक की वाकून पाहिल्याशिवाय दिसू नयेत. पूर्ण एक वेढा.

"काय आहे?" दोस्तोनने विचारलं.

"काल तू घरी गेल्यावर," मी म्हटलं, "कुणीतरी निखारे घेऊन तुझ्या बॅटरीभोवती हिंडलंय."

३

यून परदेशी कंपनीचा तज्ज्ञ. कोकंदमध्ये इतकी वर्षं राहिलाय की बाजारात खरबूज वाजवून घेतो, पण तक्रार करणं त्याने सोडलेलं नाही. आम्ही त्याला चिडवायला यून-आका, म्हणजे यूनदादा, म्हणतो आणि तो ते मनापासून मान्य करतो.

"माझ्यावर संशय असणं योग्य आहे," तो म्हणाला. "मी तुमच्या जागी असतो तर मीच पहिला."

"काल तुम्ही हॉलमध्ये गेला होतात?"

"संध्याकाळी. दोस्तोन घरी गेल्यावर. पेटीची जोडणी बघायला." तो थोडा संकोचला. "चोरून नाही. कौतुकाने. आमच्या कंपनीला सांगू नका."

"काही दिसलं?"

"दिसलं काही नाही. वास आला. मी फाटकावरच्या पहारेकऱ्याला म्हणालोसुद्धा, इथे काहीतरी जळकट वास येतोय. तो हसला. म्हणाला, यून-आका, तुम्हाला कुठे वास येत नाही?"

मलाही हसू आलं, कारण ते खरं होतं. यून सारखा म्हणत असतो, बसमध्ये वास, पोस्टात वास, न्हाव्याकडे वास. हिवाळा संपत आला, तापाची साथ आली की अख्खं शहर इसिरिकच्या धुरात असतं. इसिरिक म्हणजे हरमलीची वाळकी झुडपं, बियांसकट. निखाऱ्यांवर टाकली की कडवट, दाट धूर होतो. आजार जातो म्हणून जाळतात आणि दृष्ट लागू नये म्हणूनही. बायका पितळी तवे घेऊन दुकानादुकानातून धूर देत हिंडतात. आमच्या नाकांना तो वास कळेनासाच झालाय. माझ्या कोटालाही तो त्या सकाळी येत असणार.

"कुठला वास, यून-आका? नीट आठवून सांगा."

"तोच," तो वैतागून म्हणाला. "तुमचा नेहमीचा तोच. बसस्टँडचा."

मी उठले.

प्रयोगशाळेत पुडी उघडली. जळकं बी काचेवर ठेवलं, दिवे घालवले आणि अतिनील दिवा लावला. एरवी त्या दिव्याखाली आम्ही रंगातल्या भेगा शोधतो. बियाची तपकिरी बाजू निळसर हिरवी झळकली. हरमलीच्या बियांत जे द्रव्य असतं ते या दिव्याखाली असंच झळकतं. महाविद्यालयात असताना आम्ही पोरी गंमत म्हणून ते बघायचो.

एका बियाने काही सिद्ध होत नाही. ते कुणाच्या बुटालाही चिकटून येईल. म्हणून मी गाडीच्या हवेच्या वाटेतली गाळणी काढून आणली, तिचा तुकडा कापला, अल्कोहोलमध्ये बुडवला, ढवळला आणि दिव्याखाली धरला. शेजारी त्याच खोक्यातल्या कोऱ्या गाळणीचा तुकडा, तसाच बुडवलेला.

कोरी गाळणी अंधारात अंधारच राहिली. गाडीच्या गाळणीचं अल्कोहोल रिश्तानच्या ताटासारखं निळं पेटलं.

म्हणजे बॅटरीत बिघाड नव्हता. कुणी तिला पेटवायलाही आलं नव्हतं. चार्जिंगचा पंखा फिरत असताना कुणीतरी निखाऱ्यांवर इसिरिक टाकली, धुराने गाडीला प्रदक्षिणा घातली आणि शेवटी निखाऱ्यांचं भांडं तिच्या पुढच्या जाळीसमोर ठेवून उभं राहिलं. निखाऱ्यांतून जो वायू निघतो तोच दोस्तोनच्या नाकाला ओळखायला शिकवलेला. नाकाने आपलं काम चोख केलं होतं.

चौघांपैकी कुणीतरी या गाडीची दृष्ट काढली होती. आणि त्यातल्या दोघांना ती गाडी नकोच होती.

४

हमदम-आका विक्रीचे प्रमुख. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून मोठं आवार दिसतं आणि आवारात पांढऱ्या गाड्या, ओळीनं, टोकापर्यंत.

"ये, ये, रंगवाल्या बाई," ते म्हणाले. "बस. एवढे पांढरे रंग तूच दिलेस आणि ऐन वेळी निळ्याच्या नादी लागलीस."

"फिरोजी."

"तेच ते. बघ बाहेर. यातली एकही शिल्लक नाही, सगळ्यांचे मालक वाट बघतायत. लग्न ठरलं की गाडी, मुलगा झाला की गाडी. पांढरी हवी, कारण उद्या विकताना भाव येतो. मागे ग्यासची टाकी हवी, कारण पेट्रोल परवडत नाही. सामान छपरावर, टाकी डिकीत, सासू पुढे. हा माझा देश आहे आणि याला मी दुसरं काय विकू?"

"उद्याही हेच घेतील?"

ते खिडकीकडे वळले.

"माझ्या धाकट्या जावयाने चिनी गाडी घेतली," ते म्हणाले. "विजेची. मला न विचारता. घरी आणली, मी म्हटलं दाखव तुझी प्लगवाली इस्त्री. बसलो. आवाज नाही, धक्का नाही. मुकर्रम, ती गाडी चांगली आहे. आयात जकात आहे तोवर आपण तरलो. ती गेली की..." त्यांनी हात फिरवला. "म्हणून तर करार हवा मला. नवा आराखडा येईल, नवं यंत्र येईल. आपणच गाडी काढायची तर आपल्याकडे कोण आहे काढणारं? तुलागन? तो अजून पहिल्या गाडीच्या व्हीलकॅपमधून, चाकाच्या त्या झाकणातून, जर्दाळू खातो! त्याला पुढचं काय दिसणार?"

मी हातातला चहाचा पियाला खाली ठेवला.

"काल तुम्ही गाडीला इसिरिक दाखवलीत का?" मी सरळच विचारलं.

ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग खो खो हसले. खोकला येईपर्यंत हसले.

"मी? त्या इस्त्रीला? अगं, इसिरिक माणूस आपल्या घराला करतो, आपल्या लेकराला करतो, आपल्या गाडीला करतो. दुसऱ्याच्या गाडीला कशाला कोण धूर देत फिरेल? मी माझ्या त्या पांढऱ्यांना नाही केली कधी, त्या तर आराखड्याने परक्याच्या. ती ज्याची असेल त्याला विचार."

त्यांनी ते सहज म्हटलं आणि पुन्हा हसायला लागले. मी मात्र उत्तर मिळाल्यासारखी उभी राहिले.

दोस्तोनची गाडी होती ती, पण दोस्तोन नाकाखाली धूर कधीच नेणार नाही, नाक त्यानेच घडवलेलं. यूनला इसिरिकचा वासही सहन होत नाही. हमदम-आका हसत होते आणि ते हसू खरं होतं.

उरला तो, ज्याला गाडीला नाक आहे हेच माहीत नव्हतं. सांगाडा उभा राहिल्यापासून जो तिच्याजवळ फिरकला नव्हता. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

आणि ज्याचे जर्दाळू आज वर्तमानपत्रावर होते.

५

तुलागन-आका खिडकीशी उभे होते. खाली अंगणात पाहुण्यांसाठी पलाव शिजत होता. कालपासून तिथे चूल पेटलेली होती आणि हवे तेवढे निखारे होते.

"व्हीलकॅप कुठे आहे, आका?"

ते वळले नाहीत. पाठमोरेच म्हणाले, "कपाटात. खालच्या खणात."

मी काढली. पोलादी, जड, जुन्या पद्धतीची. आमच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पहिल्या गाडीची, फिटर तुलागनने स्वतःच्या हाताने बसवलेली. ती गाडी भंगारात गेली तेव्हा त्यांनी एवढंच मागून घेतलं होतं. मी तिची आतली बाजूच आजवर पाहिली होती, कायम जर्दाळूंनी भरलेली. आज ती घासून पुसून ठेवली होती, तरी खोबणीत काजळी राहिली होती. मी ती उलटी केली. मधल्या उंचवट्यावर पाच पाकळ्या होत्या.

"बॅटरी चांगली आहे," मी म्हटलं. "पेटीसुद्धा. निखाऱ्यांचा वायू आत गेला म्हणून नाकाने तार कापली."

"नाक?"

मी सांगितलं. ते ऐकताना त्यांचा चेहरा आधी उतरला, मग हळूहळू वेगळाच झाला.

"म्हणजे मीच मारली तिला."

"निजवली. नवी सुरी दोस्तोन बसवतोय."

ते खुर्चीत बसले. "माझी पहिली गाडी आणली होती ना मी घरी, सेकंडहँड, तेव्हा आईने फाटकातच अडवली. तवा घेऊन आली. म्हणाली, नवी वस्तू आहे, लोक बघतील, नजर लागेल. आज मंडळ येणार, वर्तमानपत्रवाले येणार. इतके डोळे. काल संध्याकाळी मी खाली गेलो, म्हटलं एकदा बघून तरी येऊ. बघितली आणि..." ते थांबले. "तू रंग फार चांगला दिलास, मुकर्रमखॉन."

"तुम्ही खाली का येत नव्हता इतके दिवस?"

"बघितली असती तर नको म्हणता आलं नसतं."

बाहेर इंजिनांची घरघर ऐकू आली. पाहुण्यांच्या मोटारी फाटकातून आत येत होत्या.

"मंडळ विचारेल कुणी केलं," मी म्हटलं. "कशाने झालं ते मी सांगेन, दाखवेनही. नाव मी सांगणार नाही, आका. पण नाव नाही कळलं तर ते म्हणतील घातपात, आणि घातपात होणाऱ्या कारखान्याला कुणी स्वतःची गाडी काढू देत नाही. दोस्तोन सोमवारीच जर्मनीला जायला मोकळा होईल."

त्यांनी सवयीने पियाला उचलला. तो रिकामा होता.

"बघू," ते म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

६

हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ताश्कंदची मंडळी पुढे, यून आणि हमदम-आका कडेला, दोस्तोन गाडीजवळ. हातांना ग्रीस, डोळे माझ्यावर. तुलागन-आका शेवटी आले. बगलेत काहीतरी कापडात गुंडाळलेलं होतं.

मी आधी दोन काचेच्या नळ्या दिव्याखाली धरल्या, एक काळी, एक निळी. मग सुटं नाक आणि तारेवर बसवलेली सुटी सुरी टेबलावर ठेवली. स्वयंपाकघरातून निखारे मागवले होते, त्यांवर चिमूटभर इसिरिक टाकली. धूर उठला. ताश्कंदच्या एका बाईंनी सवयीने तो ओंजळीत घेऊन तोंडावरून फिरवला. मग टक् असा आवाज झाला आणि टेबलावरची तार दोन तुकडे होऊन पडली.

"आग लागायच्या आधी," मी म्हटलं. "धुराचा पहिला वास आला तेव्हाच. हीच गोष्ट काल इथे घडली."

यून पुढे झुकला. कापलेलं टोक त्याने बोटांत फिरवून पाहिलं. "आमच्या पेटीत असं नाक नाही," तो म्हणाला. मग घाईने, "हे मी कंपनीला कळवीन. पण आज नको."

लोक हसले. दोस्तोन हसला नाही.

"ते सगळं ठीक," मंडळाचे प्रमुख म्हणाले. "पण बाई, बंद दाराआड आग आणली कुणी? ज्याने आणली त्याला गाडी बुडवायची होती."

"बुडवायची होती त्याने इसिरिक नसती जाळली," मी म्हटलं. "नुसते निखारे पुरले असते. हा माणूस गाडीभोवती पूर्ण फिरलाय. राख चारी बाजूंना पडलीय. आपल्याकडे धूर कुणाला देतात ते तुम्हाला माहीत आहे."

"हेच मी हिला सांगितलं!" हमदम-आका खुर्चीतून म्हणाले. "माणूस धूर आपल्याच..." आणि ते मध्येच थांबले. त्यांची नजर फरशीवरच्या पाच पाकळ्यांवर गेली होती. तिथून ती हळूहळू तुलागन-आकांच्या बगलेतल्या कापडाकडे गेली.

"तुलागन," ते म्हणाले. "गाढवा."

तुलागन-आका उठले. कापड सोडून त्यांनी व्हीलकॅप टेबलावर ठेवली, निखाऱ्यांच्या शेजारी.

"मी केलं," ते म्हणाले. "बॅटरीच्या पोराची चूक नाही. दुसऱ्या कुणाचीही नाही."

दोस्तोन गाडीच्या छताला हात लावून उभा होता, पडू नये म्हणून धरल्यासारखा.

"तुम्ही?" प्रमुख म्हणाले. "तुम्हाला तर ही गाडी हवी की नको हेच आम्हाला आजवर कळलं नाही."

"मलाही नव्हतं कळलं." ते गाडीकडे चालत गेले. दोस्तोनला त्यांनी विचारलं, "आत बसू का, लेकरा? आता तिचं नाक माझ्यावर रुसलेलं नाही ना?"

"सुरी नवी आहे, आका," दोस्तोन म्हणाला. "फक्त धूम्रपान करू नका."

ते आत बसले. बटण दाबलं. इंजिनाचा आवाज यायचा नव्हताच. समोरचे दिवे लागले आणि भिंतीवर माणसांच्या सावल्या सरकल्या. गाडी पुढे आली, हॉलच्या दारातून अंगणात गेली, पलावाच्या चुलीला लांबून वळसा घालून परत आली. आम्ही सगळे दारात उभे होतो. पहारेकरी टाळ्या वाजवत होता. मग बाकीच्यांनी वाजवल्या. यूननेही, थोड्या उशिराने.

काच खाली झाली. तुलागन-आकांनी कोपर बाहेर काढलं, पूर्वी ट्रायल घेताना काढायचे तसं.

हमदम-आका पुढे झाले. "विकणार मीच ना ती? मग ऐकून घे. गिऱ्हाईक पांढरी मागेल. छपरावर सामान ठेवायला दांड्या मागेल. कोकंदपासून ताश्कंदपर्यंत डोंगरातून नेईल आणि मध्ये वीज संपली तर मला शिव्या देईल. आहे तयारी? का आपलं नेहमीचं, बघू?"

तुलागन-आकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग दोस्तोनकडे, मग ताश्कंदच्या मंडळींकडे.

"दांड्या बसवू," ते म्हणाले. "पांढरीही देऊ. यून-आका, कराराचे कागद परत न्या, आणि पलाव खाऊन जा. ही गाडी आपण काढतोय."